आरएन झालीस, मग एलव्हीएनचं काय?

प्रिय मुली,

एनक्लेक्स-आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्सची लायसन्स परीक्षा, पास झालीस, मनापासून अभिनंदन! तुझ्या मेसेजमधली पुढची ओळ मात्र खटकली. म्हणे, ‘आरएनची नोकरी लागेपर्यंत एलव्हीएन (लायसन्स्ड व्होकेशनल नर्स) म्हणूनच अर्ज करते, आरएनचं सांगतच नाही.’

अगं, ते लपणार आहे का? नर्सिस या लायसन्स तपासायच्या वेबसाइटवर तुझं नाव टाकलं की दोन्ही लायसन्स दिसतात, आणि एचआरवाले तिथे बघतातच. मग ‘सांगितलं का नाही?’ याला काय उत्तर देणार?

खरी अडचण पुढेच आहे. समज, रात्रपाळीला नर्सिंग होममध्ये एखाद्या आजोबांचा श्वास बदलला. टेक्सासात एलव्हीएननं समोर दिसतंय तेवढं तपासायचं आणि वर कळवायचं. सर्वांगीण असेसमेंट आरएनचं काम. तुला ते येतं, पण जॉब डिस्क्रिप्शनमध्ये नाही. काही बिघडलं, तर नर्सिंग बोर्ड बॅज बघणार नाही, वरचं लायसन्स बघेल. म्हणजे पगार एलव्हीएनचा आणि जाब आरएनचा. शिवाय ‘आहेसच ना आरएन, मग कर इथे सही’ म्हणणारेही भेटतील. त्यांना गोड बोलून नाही म्हणायचं. मालप्रॅक्टिसची पॉलिसीही आरएनचीच हवी, हे आजच बघ.

घरभाडं थांबत नाही, हे मलाही कळतं. सध्याचीच एलव्हीएनची नोकरी काही दिवस चालू ठेवायची असेल, तर डायरेक्टर ऑफ नर्सिंगला आरएन झाल्याचं सांग आणि तुझ्या कामाच्या मर्यादा लेखी घे. काही ठिकाणी आरएनला एलव्हीएनच्या जागेवर ठेवतच नाहीत. राग मानू नकोस, त्यांनाही याच जबाबदारीची भीती असते.

पण तिथे रमू नकोस. 2024 मध्ये अमेरिकेत आरएनचा मध्यम वार्षिक पगार 93,600 डॉलर होता, एलव्हीएनचा (इतर राज्यांत यालाच एलपीएन म्हणतात) 62,340. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नव्या आरएनसाठीचे रेसिडेन्सी प्रोग्रॅम. पास होऊन वर्ष उलटलं की बरीच हॉस्पिटलं त्यासाठी अर्ज घेत नाहीत, आणि एलव्हीएन म्हणून काढलेले महिने आरएनचा अनुभव म्हणून धरत नाहीत. रिझ्युमेवर आरएन सगळ्यात वर लिही. एलव्हीएनची वर्षं मात्र खाली नीट मांड. इतक्या पेशंटची औषधं वेळेवर देणं ही काय लपवायची गोष्ट आहे?

जुनं लायसन्स लगेच सोडू नकोस. आरएनच्या नोकरीत प्रोबेशन संपलं की इनॅक्टिव्ह कर. कॅलिफोर्नियात दोन लायसन्सना दोन वेगळी बोर्डं. आपल्याकडे 2004 पासून एकच, तेवढी धावपळ तरी वाचते.

रिझ्युमे रविवारपर्यंत पाठव. स्पेलिंगं मी बघते, तुझ्या काकांना दाखवू नकोस, ते सगळं इंजिनिअरसारखं करून टाकतील.

तुझी,
मावशी