जुन्यांचा हात कुठवर धरावा?

माझा एक माजी विद्यार्थी सॉफ्टवेअर लिहितो. ईदच्या सुट्टीत जुन्या नाशकात घरी आला, तेव्हा त्याने मुलांसाठी बनवलेला उर्दू शब्दसरावाचा मोफत प्रोग्राम शाळेत दाखवायला आणला. आमच्या विंडोज ७ च्या संगणकावर तो उघडेना. "सर, पायथन ३.९ पासून पुढच्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत. ३.८ साठी वेगळं लिहावं लागेल," तो म्हणाला. लिहावे की नाही, याचा निर्णय त्याच्याच हाती होता.

मला महाविद्यालयातला टर्बो सी++ चा निळा पडदा आठवला. आमच्यापैकी कित्येकजण त्याच कंपायलरवर शिकले. सी++ भाषेचे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ मध्ये ठरले. आमचा कंपायलर त्याच्याही आधीचा. तिथे चालणारा प्रोग्राम नव्या कंपायलरवर अडे. दोष आमचा नव्हता, तरी मागे आम्हीच पडलो.

पण दुसरी बाजूही आहे. प्रत्येक जुनी आवृत्ती सांभाळायची म्हणजे प्रत्येकीवर वेगळी चाचणी घ्यायची, नव्या सोयी वापरायच्या नाहीत. ३.८ च्या सुरक्षादुरुस्त्याही २०२४ मध्ये थांबल्या. हा मुलगा नोकरी करून रात्री विनामोबदला हे काम करतो. त्याच्या रात्रींवर आपला हक्क किती?

पायथन २ चा आधार २०१५ मध्ये थांबायचा होता. अनेकांना इतक्या लवकर बदलणे जमणार नाही, हे ओळखून २०१४ मध्ये ती मुदत २०२० पर्यंत वाढवली गेली. त्यानंतर मात्र आधार खरोखर थांबला. गणिती कामाच्या नमपाय या लायब्ररीने २०१९ मध्ये नियमच केला: गेल्या ४२ महिन्यांत आलेल्या पायथनच्या आवृत्त्यांना आधार द्यायचा.

मला यात न्याय दिसतो. सगळ्यांना कायम सोबत नेणे कुणालाच शक्य नाही. पण सोडताना आधी सांगावे, मुदत द्यावी आणि मागे राहणाऱ्याच्या हाती चालणारे काहीतरी ठेवावे. शब्द दिला तर पाळावा. पाळता येणार नसेल तर देऊच नये. न सांगता हात सोडणे, हा मात्र अन्यायच.

माझ्या विद्यार्थ्याने ३.८ वर चालणारी एक प्रत वेगळी काढली आणि वर स्पष्ट लिहिले: यात यापुढे भर पडणार नाही. आमची मुले सध्या तीच वापरतात.