टाचेचा काटा

घोड्याला टाच मारणे हे आपण नुसते बोलतो. युरोपातल्या जुन्या सरदारांच्या टाचेला मात्र खराखुरा धातूचा काटा बांधलेला असे. अंगात चिलखत, एका हातात भाला, दुसऱ्यात ढाल. घोड्याला सांगायचे ते टाचेने. सोन्याचा मुलामा दिलेला काटा ही तर सरदारकीची खूण. १३०२ साली कोर्त्राइकच्या लढाईत विणकर आणि कारागिरांच्या पायदळाने फ्रेंच सरदारांना लोळवले व मेलेल्यांच्या टाचांचे शेकडो काटे काढून चर्चमध्ये टांगले. जनावराला टोचण्याचे हत्यार आणि त्याचीच प्रतिष्ठा! वाचून हसू आले, मग आमच्या गोठ्याच्या आढ्याला खोचलेली आर आठवली.

मंचरच्या चहूबाजूंना बैलगाड्यांचे घाट. तरुणपणी मीही आर टोचली आहे. बैल पळाला की नाव माझे व्हायचे. २०१४ साली न्यायालयाने शर्यती बंद केल्या, २०२१च्या डिसेंबरात अटी घालून परवानगी दिली. आता काठी-चाबूक चालत नाही, मीही वापरत नाही. पण दंडाच्या भयाने हात आवरला, त्याला दया म्हणायचे का?

आमच्याच वाटेवर, नारायणगावच्या पुढे, आळ्याला वेद बोललेल्या रेड्याची समाधी आहे. वेदांची गोष्ट सगळे सांगतात. मला आधीची गोष्ट मोठी वाटते. पैठणात आसूड रेड्यावर पडला आणि वळ ज्ञानोबांच्या पाठीवर उठले. आपण दर्शन घेतो, नारळ फोडतो, आणि पाठ कोरडी ठेवून परत येतो.

वारीच्या रिंगणात अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन अश्व धावतात. एकावर स्वार असतो, दुसऱ्याची पाठ मोकळी, तिथे माउली बसली आहे हा आपला भाव. मोकळ्या पाठीच्या घोड्याला कोण टाच मारणार? तरी तो धावतो. शिकवलेला असतो, पुढे जोडीदार असतो, हे खरेच. पण टोचल्यावाचूनही शिकवता येते, एवढे तर त्यातून दिसते ना.

हे सारे मला सुचले ते मुलामुळे. कार्तिकीला आळंदीला पायी चल, म्हणून मी त्याला दरवर्षी टोचायचो. आजोबांचे नाव काढायचो, लोक काय म्हणतील हेही ऐकवायचो. तो यायचा, मान खाली घालून चालायचा, आणि मी दिंडीत मुलाची वारी मिरवायचो. गेल्या कार्तिकीला काही बोललो नाही. तो आला नाही. निघताना माझ्या पिशवीत त्याने न सांगता गुडघ्याच्या तेलाची बाटली ठेवली होती, ती राजगुरुनगरला मुक्कामी सापडली.