भिंत बांधणारे हात

(मननासाठी: नहेम्या, अध्याय ३ ते ६)

यरुशलेमेचा पडका तट अवघ्या ५२ दिवसांत उभा राहिला, ही गोष्ट आपण पुष्कळदा ऐकली आहे. परंतु ते काम तडीस गेले कसे, याचा विचार आपण क्वचितच करतो. बांधणारे सारे गवंडी नव्हते. त्यांत याजक होते, सोनार होते, अत्तरे करणारे व व्यापारी होते; शल्लूम नावाच्या अधिकाऱ्याच्या मुलीही होत्या. कित्येकांनी आपापल्या घरासमोरचाच भाग बांधिला. आपला वाटा कोणता हे ज्यास नीट ठाऊक असते, त्यास दुसऱ्याच्या वाट्याकडे बोट दाखविण्यास सवड नसते.

परंतु एवढ्याने भागले काय? पाचवा अध्याय पाहा. ऐन कामात गोरगरिबांनी आक्रोश केला. शेते गहाण पडली, मुलेबाळे दास्यात गेली, आणि सावकार कोण, तर आपलेच भाऊबंद! आधी भिंत पुरी करा, गाऱ्हाणे मागून ऐकू, असे नहेम्याने म्हटले नाही. त्याने सभा भरविली, बड्यांस तोंडावर दोष दिला, आपणही उसने दिले आहे हे लपविले नाही, आणि घेतलेले परत करविले. मग भिंत पुरी झाली.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, याचा दाखला जमिनीखाली आहे. मलिक अंबराने १६१० च्या सुमारास खडकी येथे हे शहर वसविले व डोंगराकडील पाणी नहरीने आत आणिले. पुढे अठराव्या शतकात पाणचक्कीसही काही मैलांवरून मातीच्या नळांनी पाणी आले, आणि त्याच्या जोरावर जाते फिरून दर्ग्यातील लोकांचे धान्य दळले जाई. मातीचा नळ तो काय! परंतु एकाचे तोंड दुसऱ्यात घट्ट बसविलेले होते. आणि कोंडलेला वारा बाहेर पडावा म्हणून वाटेत बांधीव स्तंभ होते. सांधा निखळला तर पाणी वाया जाते. वारा कोंडला तर पाणी अडते. मंडळीचेही असेच आहे.

येथे आम्ही आमचाच दोष सांगतो. एका गावी उपासनामंदिराचे छप्पर दुरुस्त करावयाचे होते. कामे आम्ही सर्वांस वाटून दिली, परंतु वर्गणीचा हिशेब मात्र आपल्याजवळ ठेविला. एका म्हाताऱ्या बाईने विचारिले, "पाळकसाहेब, पैसे किती उरले?" आम्हांस राग आला. त्यानंतर कोणी प्रश्न केला नाही. आणि हळूहळू कौले वाहावयासही कोणी येईना. मृगाचा पाऊस आला, व लेकरे ओल्या जमिनीवर बसली. तेव्हा आमचे डोळे उघडले. पुढील रविवारी आम्ही हिशेब सर्वांपुढे वाचला व त्या माउलीची क्षमा मागितली. मंगळवारी शिडी पुन्हा भिंतीला लागली. खाली कौले देण्यास तीच बाई प्रथम उभी होती.

म्हणून उपदेशक बंधूंनो व पंचांनो, प्रत्येकाचा वाटा नाव घेऊन सांगा. हिशेब उघडा ठेवा. सभेत आपण शेवटी बोला, आणि जो कोपऱ्यात गप्प बसला आहे त्यास आधी विचारा. गाऱ्हाणे सांगणारा कामाचा वैरी नव्हे. बहुधा तोच काम वाचवितो. ज्या मंडळीत धाकट्यास निर्भयपणे बोलता येते, तिची भिंत उभी राहते.

प्रभू आपणांस ऐकणारे कान व नम्र अंतःकरण देवो. आमेन.