दीडशे गुणांची वाटणी

सीएच्या इंटरमिजिएटला बसणारा विद्यार्थी बहुधा उरलेले दिवस मोजतो, ग्रुपच्या तीन पेपरांनी भागतो आणि आलेला आकडा भिंतीवर चिकटवतो. ही वाटणी न्याय्य दिसते, पण परीक्षेचा नियम असा चालत नाही. प्रत्येक पेपरात किमान 40 आणि ग्रुपच्या 300 पैकी 150 गुण लागतात. तिन्हींत 40 मिळवणारा 120 वर अडकतो. 38, 80, 80 मिळवणारा 198 गुण घेऊनही नापास होतो. 40, 45, 65 वाला मात्र पास. तेव्हा पहिले तास कच्च्या पेपराचे, पण तो पन्नाशीला टेकेपर्यंतच. चाळिसाच्या काठावर थांबणे धोक्याचे आणि त्याच पेपराला सत्तरीपर्यंत ओढत नेणे महागाचे. पुढचे गुण जिथे कमी कष्टात वाढतात, तिथे उरलेला वेळ जावा. मग तो विषय नावडता का असेना.

लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावातल्या मुलांना अभ्यासाचा धडा मिळतो तो लातूरकडून. नीटसारख्या प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी ओळखल्या जाणाऱ्या लातूर पॅटर्नने सराव चाचण्यांची शिस्त लावली, ती सीएतही उपयोगाचीच आहे. कुठला विषय कच्चा हे मनाला विचारून कळत नाही, वेळ लावून सोडवलेली सराव प्रश्नपत्रिकाच ते सांगते. फरक दुसरीकडे आहे. नीटमध्ये 720 पैकी 360 गुण जीवशास्त्राचे असतात आणि पात्रता एकूण गुणांवर ठरते, त्यामुळे भौतिकशास्त्रातली पडझड जीवशास्त्र सावरून घेते. सीएत 38 ला कुणी सावरत नाही. गुण मोजून अभ्यास केला तर पुढे ऑडिट अहवालावर सही करणारा माणूस अर्धवट राहील, अशी शंका कुणी घेईल. ती खोटी नाही. पण प्रत्येक पेपराची चाळिसाची अट त्याचसाठी आहे, आणि सीएच्या नव्या योजनेतली दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षणही. परीक्षेच्या वेळापत्रकावर सगळ्या व्यवसायाचे ओझे टाकू नये.

याहून खरा आक्षेप असा की तालुक्याच्या गावात तास स्वतःचे नसतात. जानेवारीच्या परीक्षेची तयारी रंगात यायची, तेव्हाच घरी सोयाबीनची रास चालू असते. पण अशा तुकड्यातुकड्याच्या वेळेतच समान वाटणी सर्वांत आधी मोडते. प्रगत लेखांकनातले एकत्रित ताळेबंदाचे गणित सलग बैठक मागते; मध्येच उठले तर पुन्हा पहिल्यापासून. कंपनी कायद्याची कलमे मात्र अर्ध्या तासात वाचून होतात आणि लवकर विसरलीही जातात. हर्मान एबिंगहाउसने 1885 मध्ये दाखवलेली विसरण्याची घसरण सुरुवातीलाच तीव्र असते, म्हणून कायदा थोडा थोडा, पण वारंवार वाचावा लागतो. शिवाय इंटरच्या प्रत्येक पेपरात 30 गुण बहुपर्यायी प्रश्नांचे आहेत आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. राशीच्या दिवसांत कलमे आणि हे प्रश्न घ्यावेत. ताळेबंदासाठी पहाट राखावी, किंवा रास घरात येईपर्यंत तो सरळ पुढे ढकलावा.