थापीचा आवाज

आईला आता धड दिसत नाही, टीव्ही ती कानानंच बघते. परवा जेवणं उरकल्यावर हस्तकलांवरचा एक कार्यक्रम लागला होता. बाजेवर पडल्या पडल्या तिनं विचारलं, "काय चालू हाय रे?"

"कुंभार मडकं करायलाय."

"मग थापी कुठं वाजायली? मला तर नुसती बासरीच ऐकू यायली."

खरंच बासरीच होती. पैठणी विणणारा असो, घोंगडीवाला असो की बुरूड, पडद्यावर कुणाचाही हात हलायला लागला की मागून बासरी सुरू होते. मी हे कार्यक्रम आवडीनं बघत आलोय. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर सिद्धार्थ काक आणि आपली रेणुका शहाणे 'सुरभी' घेऊन यायचे, तेव्हापासून. लोक त्यातल्या प्रश्नांची उत्तरं पोस्टकार्डावर पाठवायचे. कार्डांचा एवढा पाऊस पडायचा की असल्या स्पर्धांसाठी टपाल खात्याला वेगळं, महागडं पोस्टकार्ड काढावं लागलं. पण आईनं विचारलेला प्रश्न मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता.

कॅमेऱ्याला चाक आवडतं. चाक फिरतं, माती वर चढते, बघणारा गुंगतो. पण चाकावर होतो तो मडक्याचा गळा आणि जाडजूड भिंत. पोट भरतं ते चाकावरून उतरवल्यावर. आतून दगडी गोळ्याचा आधार द्यायचा आणि बाहेरून लाकडी थापीनं ठोकत, फिरवत भिंत पातळ करत न्यायची. बूडही असंच ठोकून मिटवतात. कुंभारवाड्यात दुपारभर हा ठप ठप आवाज चाललेला असतो, आणि हात कुठं जड पडला ते म्हातारा कुंभार लांबून नुसतं ऐकून सांगतो. पडद्यावर हे सगळं चार सेकंदांत आटोपतं. मातीत कालवायची लीद तर दाखवतच नाहीत. दिसायला बरी नाही ना! पण तीच आव्यात जळून गेली की बारीक छिद्रं राहतात, त्यातून पाणी पाझरतं, वाऱ्यानं उडतं आणि आतलं पाणी गार होतं.

मग निवेदिका येते. डोळे मोठे करून विचारते, "अय्या, ही माती आणता कुठून?" याला म्हणतात वेड पांघरून पेडगावला जाणं. (म्हणीतलं पेडगाव आमचं नव्हे बरं का, श्रीगोंदा तालुक्यातलं, भीमेकाठचं. परभणीजवळच्या आम्हा पेडगावकरांना टोमणा मात्र फुकट मिळतो.) एका माठाचे किती मिळतात, हे ती विचारत नाही. संक्रांतीची सुगडं, आखितीची करा-केळी, पोळ्याचे बैल, नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या असं कुंभाराचं वर्ष सणावारांवर चालतं. त्यात झडीचा पाऊस लागला की माल वाळतच नाही. वाळत घातलेल्या मडक्यांपुढं बसून आभाळाकडं बघणारा माणूस मी अजून एकाही कार्यक्रमात पाहिलेला नाही.

नॉर्वेच्या सरकारी वाहिनीनं 2013 च्या नोव्हेंबरात एक गंमत केली होती. मेंढी भादरण्यापासून स्वेटर पुरा होईपर्यंतचं सगळं काम थेट दाखवलं. विक्रम मोडायचा होता, तो काही मोडला नाही. साडेआठ तासांच्या आसपास लागले. आपल्याकडं एवढा दम कुणाला? पण निदान पाच मिनिटं, बासरी बंद करून, नुसती थापी ऐकवायला काय हरकत आहे?

कारण माठ घेतात तो कानानंच. उन्हाळ्यात परभणीच्या बाजारात आई अजूनही रंग, नक्षी काही विचारत नाही. माठ एका हातावर तोलते, बोटाचं पेर वाकवून टक् टक् वाजवते आणि मान जराशी कलती करते. खणखणीत वाजला तर भाव विचारायचा. बद्द वाजला की कुठंतरी तडा आहे किंवा भाजणी कच्ची आहे. मागच्या वर्षी तीन बाजूला सारले, चौथा घेतला. दुकानदारीण बाई हसून म्हणाली, "मावशी, दिसत न्हाई म्हणता, आन् माझा फुटका माल बरोब्बर हुडकता!"

पडद्यावर बासरी थांबली. निवेदिकेनं हात जोडले.

"झालं का मडकं?" आईनं विचारलं.

"झालं."

"वाजवून दाखवलं का?"

तोवर जाहिरात लागली होती.