सणाची सहल आणि मजुराचा रोज

पुनरुत्थानाच्या सणांत मुलांबाळांना घेऊन गंगापूर धरणाकडे किंवा पांडवलेण्यांकडे सहलीस जाणें भक्तीला शोभतें काय, असें मंडळींत विचारलें जातें. अम्माऊसचे दोघे त्याच दिवशीं सुमारें साडेतीन कोस चालले आणि प्रभु त्यांच्याबरोबर चालला (लूक २४); तेव्हां जाण्यांत दोष नाहीं. अडचण निराळीच आहे. या दिवसांत निफाड-दिंडोरीकडे द्राक्षतोडणी चालू असते. मजुराची सुटी म्हणजे बुडालेला रोज. चौथी आज्ञा तर दासदासींनाही विसावा देते. एक तास राबलेल्यास पुरा रोज देणारा द्राक्षमळ्याचा धनी (मत्तय २०) आपण उपदेशांत वाखाणतों. मग ज्या बंधूंचे मळे आहेत त्यांनीं सणानंतरच्या सोमवारीं मजुरांस रोज न कापतां सुटी द्यावी. आणि पहाटे उठून सहलीच्या भाकरी थापणाऱ्या माउलीस सुटी कोणती? त्या दिवशीं शिदोरी पुरुषांनीं बांधावी.