पहारा, साखळी आणि छायाचित्र

'पहारा' या शब्दाचे नाते प्रहराशी आहे. पहारा देणे म्हणजे मूलतः काळ भरून काढणे. आणि तो यशस्वी झाल्याची खूण एवढीच, की त्या काळात काहीही घडले नाही. छायाचित्राच्या हाती मात्र क्षणाचा तुकडाच लागतो. उभा असलेला माणूस वा कुत्रा राखण करतो आहे की नुसताच उभा आहे, हे चित्रातून ठरत नाही; ते ठरवतो पाहणारा, बहुधा चित्राखालच्या ओळीच्या आधाराने. म्हणूनच पहाऱ्याचे छायाचित्र हा केवळ सौंदर्यशास्त्राचा विषय राहत नाही. दुसऱ्या जीवाच्या उभे राहण्याला 'कर्तव्य' म्हणण्याचा अधिकार पाहणाऱ्यास कोठून मिळतो, हा नैतिक प्रश्न त्यातून उद्भवतो.

पाँपेई येथील कुत्र्याचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या उद्रेकात गाडले गेलेले देह नष्ट झाले आणि राखेत त्यांच्या पोकळ्या उरल्या. त्यांत प्लास्टर ओतून आकार मिळविण्याची पद्धत जुझेप्पे फिओरेल्ली याने १८६३ मध्ये अवलंबिली. १८७४ मध्ये एका घरात असा कुत्रा सापडला व जॉर्जो सोमर याने त्याचे छायाचित्र घेतले. हा ठसा स्वतःच एका अर्थी छायाचित्र आहे : नाहीशा झालेल्या देहाने मागे ठेवलेली खूण. रोलाँ बार्थला छायाचित्रात 'हे होते' अशी जी ग्वाही आढळते, ती येथे दुपटीने मिळते. पण होते ते काय? पिळवटलेले अंग, आखडलेले पाय, गळ्यात पट्टा. कुत्रा साखळीने बांधलेला होता. निघून जाणे त्याला शक्यच नव्हते. त्याच्या शेवटच्या तासांना निष्ठा म्हणणे म्हणजे साखळीचे काम जीवाच्या नावावर जमा करणे होय.

त्याच नगरीच्या वेशीवर अखेरपर्यंत जागा न सोडणाऱ्या रोमन शिपायाची कथा एकोणिसाव्या शतकात लोकप्रिय होती. एडवर्ड पॉइंटरने १८६५ मध्ये तिच्यावर चित्रही रंगविले. ज्या वास्तूला चौकी समजले गेले ती प्रत्यक्षात थडगे होती. शिपायाला साखळी नव्हती, म्हणून त्याची निष्ठा कल्पावी लागली; कुत्र्याची साखळी मात्र ठाऊक असूनही विसरावी लागली. जागा सोडण्याचे स्वातंत्र्य असेल तरच जागा न सोडण्याला नैतिक मोल येते, ही कांटप्रणीत भूमिका येथे कामी येते खरी. परंतु तिच्या बळावर प्राण्यांना यंत्रवत ठरविणे घाईचे होईल. मोकळा कुत्राही दाराशी बसतोच. आणि पगारी पहारेकऱ्याची साखळी छायाचित्रात दिसत नाही, इतकेच.

मराठीत बंदुकीने 'टिपतात' आणि कॅमेऱ्यानेही. आफ्रिकेतील सफारीत बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतल्याचे सूझन साँटॅग यांनी १९७७ साली नोंदविले होते. केनियातील ओल पेजेटा येथे हा संबंध पुन्हा बदलला : बंदूक आणि कॅमेरा दोन्ही प्राण्याच्या बाजूस आले. उत्तरी पांढऱ्या गेंड्यांतील अखेरचा नर 'सुदान' तेथे सशस्त्र रक्षकांच्या अहोरात्र पहाऱ्यात होता. १९ मार्च २०१८ रोजी तो मरण पावला. मागे नाजिन आणि फातू या दोन माद्या उरल्या. 'अखेरचा' हा शब्द अर्थातच चित्राखालचा. गेंड्याला त्याची वार्ता नव्हती. हा पहारा माणसांनी माणसांपासूनच दिला, हेही चित्रात उमटत नाही.

रक्षकाचे छायाचित्र समोरून घेतले जाते तेव्हा छायाचित्रकार, आणि त्याच्यामागोमाग प्रेक्षक, नेमका त्या जागी उभा असतो जेथून धोका यावयाचा. रक्षकाची नजर त्याच्यावर रोखलेली असते. ॲमी व्हिटाली यांच्या सुप्रसिद्ध छायाचित्रात सुदानच्या मृत्यूपूर्वी त्याचा रक्षक त्याच्या मस्तकावर आपले डोके टेकवून आहे. तो बाहेर पाहत नाही. बंदुकीने थोपविता येईल असा धोका आता उरलेला नाही, आणि समोर कोण उभे आहे याची दखल घेण्याचे त्याला कारणही नाही.